उड्डाणामागचे झूम भिंग

१९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटावरील तुमच्या लेखात त्याचे श्रेय दिग्दर्शक रिचर्ड डोनर आणि नायक ख्रिस्तोफर रीव्ह यांना दिले आहे, ते योग्यच आहे, मात्र त्यातील उड्डाणाच्या दृश्यांचे तंत्र घडवणाऱ्या झोरान पेरिसिक यांचा उल्लेख राहून गेला, याची रुखरुख वाटते. कॅमेरा आणि पार्श्वभूमी पडद्यावर टाकणारा प्रोजेक्टर या दोन्हींना झूम भिंगे बसवून ती एकाच वेळी फिरतील अशी जोडणी त्यांनी केली. त्यामुळे मागचे आकाश चौकटीत जेवढ्यास तेवढेच राही आणि जागचा न हललेला रीव्ह मात्र झपाट्याने जवळ येताना दिसे. रीव्ह स्वतः विमान चालवत असे; चित्रपटात उडताना वळण घेताना त्याचे खांदे किती सहज कलतात, हे मुद्दाम पाहावे.