झाकारी क्लूतिएची कुऱ्हाड: कुलचिन्ह कसलं, सुताराची निशाणी!

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या फ्रेंच घराण्यांची वंशावळ काढणाऱ्यांत एक मजकूर सतत फिरतो. सतराव्या शतकात फ्रान्सहून कॅनडात आलेला झाकारी क्लूतिए हा उमराव घराण्यातला, कॅनडात त्याची जहागीर होती, कुऱ्हाड हे त्याचं कुलचिन्ह आणि आज जगात जो कोणी क्लूतिए आहे तो त्याचाच वंशज. यातला एकही मुद्दा कागदपत्रांपुढे टिकत नाही.

आधी जहागीर. १४ मार्च १६३४ रोजी फ्रान्सच्या पेर्श प्रांतातल्या मोर्तान्य गावी झालेला करार उपलब्ध आहे. क्लूतिए सुतार आणि झां गियों गवंडी या दोघांनी कॅनडातल्या बोपोरचा जहागीरदार रोबेर जिफार याच्यासाठी तीन वर्षं काम करायचं. त्यांचा प्रवास आणि खाणंपिणं जिफारकडे, शिवाय बोपोरला जमीन. ‘ला क्लूतरी’ म्हणून मिरवली जाते ती हीच. म्हणजे मजुरीच्या बोलीत मिळालेला, जिफारच्या मोठ्या जहागिरीतला एक तुकडा. अशी जमीन सामान्य माणसालाही मिळत असे, त्याने कोणी उमराव होत नसे. खुद्द जिफारलाच उमरावपद मिळालं १६५८ मध्ये, या करारानंतर चोवीस वर्षांनी! त्यातून जमिनीपोटी जिफारपुढे निष्ठेची शपथ घ्यायलाही क्लूतिए आणि गियों राजी नव्हते. १६४६ मध्ये ते भांडण गव्हर्नरपर्यंत गेलं. पुढे १६७० मध्ये क्लूतिएने ती जमीन विकूनही टाकली.

आता कुऱ्हाड. क्लूतिएला लिहिता येत नव्हतं. सही करायच्या जागी तो कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. आपल्याकडच्या जुन्या महजरांवर, म्हणजे गावसभेच्या निवाडपत्रांवर, बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करत, अगदी तसंच. तिच्याभोवती ढाल आणि मुकुट काढून त्याचं कुलचिन्ह बनवलं ते नंतरच्या हौशी मंडळींनी. माझ्या मते ती साधी कुऱ्हाडच जास्त रुबाबदार आहे. त्याची मुलगी आन हिचा रोबेर द्रुएंशी १६३६ मध्ये विवाहकरार झाला, तेव्हा वसाहतीत नोटरीच नव्हता. मसुदा लिहिला तो झां गियों गवंड्याने. उमरावांच्या घरचं लग्न असं ठरत नाही.

घराण्याचं मूळ शोधायचं तर मोर्तान्यमधल्या सें-झां चर्चच्या नोंदवहीकडे जावं लागतं. तिथे १८ जुलै १६१६ रोजी क्लूतिएचं विधवा सेंत द्युपोंशी लग्न लागलं. त्याचे आईवडील रने ब्रिएर आणि देनी क्लूतिए. जन्मसाल १५९० सांगतात ते अंदाजाने, जनगणनेत नोंदलेल्या वयावरून मागे मोजून.

राहिला आडनावाचा मुद्दा. क्लूतिए म्हणजे खिळे घडवणारा, तेव्हा हे आडनाव फ्रान्सभर ठिकठिकाणी आपापलं पडलं. उलट १८०० सालापर्यंत कॅनडात झाकारीचे दहा हजारांवर वंशज झाले होते, पण मुलींकडून आलेल्यांचं आडनाव क्लूतिए कसं असेल? क्यूबेकमधला एखादा द्रुएं त्याचा वंशज निघेल आणि ल्यों शहरातल्या क्लूतिएचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसेल.