बैलगाडीवरचा उपग्रह आणि बोनस्टेलचा चंद्र

इस्रोचं यान उडालं की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन जुने फोटो हमखास येतात. एकात सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचं टोक, दुसऱ्यात बैलगाडीवर ‘अ‍ॅपल’ उपग्रह. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हाही आले, आणि पाठोपाठ वादही आला. पुण्याचे काका लिहितात, “बघा रे, कुठून कुठे आलो आपण!” त्यावर नागपूरचा चुलतभाऊ लिहितो, “काका, गरिबी किती दिवस मिरवायची? बाहेरचे लोक आपल्याला याच फोटोंतून ओळखतात.” मग मला मध्ये ओढतात. “ताई, तू तिकडे राहतेस, तूच सांग.”

सांगते. भावाची धास्ती अनाठायी नाही. २०१४मध्ये मंगळयान पोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक व्यंगचित्र आलं होतं. आत ‘एलिट स्पेस क्लब’मध्ये पेपर वाचत बसलेले दोन साहेब आणि बाहेर गाय घेऊन दार ठोठावणारा शेतकरी. इथे अमेरिकेत राहणाऱ्या आम्हा लोकांना ते चांगलंच झोंबलं. वृत्तपत्राने नंतर माफी मागितली. पण त्याचा राग बैलगाडीवर का काढायचा?

अ‍ॅपल हा भूस्थिर कक्षेतला, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारा, इस्रोचा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह. १९ जून १९८१ला एरियान रॉकेटने तो फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला. त्याआधी त्याच्या अँटेनाची मोकळ्या मैदानात चाचणी घ्यायची होती आणि तेव्हा खाली लोखंडाचं धूड नको होतं. ट्रकच्या धातूने मोजमाप बिघडलं असतं, म्हणून लाकडी बैलगाडी. म्हणजे त्या फोटोत दिसतो तो एका तांत्रिक अडचणीवर शोधलेला स्वस्त आणि अचूक तोडगा. काकांना त्यात हलाखीचे दिवस दिसतात, भावाला लाज दिसते. चाचणी कुणालाच दिसत नाही, कारण फोटोखाली ती कुणी लिहीतच नाही. सायकलच्या फोटोचं तेच. तो केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९६६मध्ये टिपला, पण खाली बहुतेक वेळा १९६३ असतं. २१ नोव्हेंबर १९६३ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, ते नासाने दिलेलं नाइकी-अपाची होतं. तो प्रसंग वेगळा, हा फोटो वेगळा.

चित्राची नोंद नीट ठेवली की काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या गावात आहे. मी बोस्टनला राहते. इथल्या चार्ल्स नदीवरच्या विज्ञान संग्रहालयात १९५७मध्ये चंद्रभूमीचं एक प्रचंड चित्र लावलं होतं, चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच. चित्रकार चेस्ली बोनस्टेल. माणूस मूळचा वास्तुचित्रकार. गोल्डन गेट पुलाची चित्रं त्याने काढली, हॉलिवूडमध्ये सिनेमांचे पार्श्वपडदे रंगवले आणि मग ग्रहांकडे वळला. लाइफ मासिकात १९४४मध्ये त्याची शनीची चित्रं आली. टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी त्याने गडद निळ्या आकाशात, बर्फाळ कड्यांच्या मधोमध ठेवला. त्या चित्राने एका पिढीला अंतराळाचं वेड लावलं, हे पुढे नामवंत झालेल्या अनेक शास्त्रज्ञांनी सांगितलंय.

त्याचा चंद्र मात्र चुकला. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, मग डोंगर झिजणार कसे? म्हणून त्याने सुळके काढले, टोकदार आणि उभे. त्या काळात हा तर्क कुणालाही पटावा असाच होता. पण अब्जावधी वर्षं बारीकसारीक उल्कांच्या माऱ्याने तिथले डोंगर गोलसर झालेत, हे यानांनी आणि मग अपोलोच्या माणसांनी दाखवलं. टायटनचंही तसंच. १४ जानेवारी २००५ला हायगेन्स यान तिथे उतरलं तेव्हा निळं आकाश नव्हतं, नारिंगी धुरकट होतं आणि खाली गोलसर गोटे पसरलेली सपाट जमीन. बोस्टनचं ते भित्तिचित्र १९७०मध्ये उतरवण्यात आलं. उतरवलं, पण फेकलं नाही. ते पुढे वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे गेलं.

मला इथल्या लोकांचं हे वागणं फार मोलाचं वाटतं. चित्र चूक ठरलं तरी चित्रकाराचं नाव पुसलं गेलं नाही. कोणत्या साली, कोणत्या माहितीवर, कुणी ही कल्पना केली याची नोंद राहिली. जुन्या अंतराळचित्रांची गोडी मला त्यातच वाटते. माणसाने हातातल्या तुटपुंज्या माहितीवर अख्खं जग उभं करायचं धाडस केलं, आणि त्याचा प्रत्येक तर्क रंगात दिसतो.

इथलं सगळंच मला भावतं असं मात्र नाही. नासाच्या एम्स केंद्रात १९७५च्या उन्हाळ्यात अंतराळातल्या वसाहतींचा अभ्यास झाला. दहा हजार माणसं राहतील असं फिरतं कडं त्यात योजलं होतं. रिक गाइडिस आणि डॉन डेव्हिस यांनी अशा वसाहतींची काढलेली चित्रं आजही वेड लावतात. आत झाडी, पाणी, घरं, एका चित्रात तर सॅन फ्रान्सिस्कोसारखी खाडी आणि पूल. पण ती वस्ती कॅलिफोर्नियाच्या उपनगराची आहे. माझ्या आजीने तिथे तुळस कुठे लावली असती, पापड कुठे वाळत घातले असते, हा प्रश्न त्या भविष्याला पडलेलाच नाही. थुंब्याच्या फोटोतली माणसं मात्र माझी आहेत. म्हणून तो फोटो लपवावा असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं.

आपल्याकडेही कल्पनेची चित्रं होतीच. ‘नवल’, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी विज्ञानकथेला जागा दिली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे आपण कौतुकाने सांगतो. पण अशा कथांसाठी कृष्णविवरं, यानं, परग्रहावरची माणसं ज्यांनी शाईने रेखाटली, त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? लहानपणी ‘सोव्हिएत देश’च्या गुळगुळीत पानांची कव्हरं आम्ही वह्यांना घालायचो. त्यातला एक अंतराळवीर इतिहासाच्या वहीवर वर्षभर होता, कोपरे दुमडून पांढरे पडेपर्यंत. त्याचं चित्र कुणी काढलं हे पानावर असलं तरी कव्हर घालताना आत दुमडलं गेलं. दिवाळी अंक तर रद्दीत किलोवर जातात.

आता एआयने बनवलेली ‘जुनी’ चित्रंही फिरायला लागली आहेत, पिवळा कागद आणि खोट्या घड्यांसकट. ग्रुपवर ती खऱ्या फोटोंच्या रांगेत येऊन बसतात. खऱ्या फोटोला तारीख नाही, छायाचित्रकार नाही, कारण नाही. मग खोटं कसं ओळखायचं? त्यामुळे अभिमान की लाज हा वाद मला दुय्यम वाटतो. आधी फोटोखालची ओळ नीट लिहू या.

काकांना मी तेवढंच कळवलंय. पुढच्या वेळी बैलगाडी पाठवाल तेव्हा खाली ‘१९८१, अ‍ॅपल, अँटेना चाचणी’ असं लिहा. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे जुने दिवाळी अंक असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी मुखपृष्ठाचा आणि चित्रकाराचं नाव छापलेल्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. भावाला स्कॅनिंग जमतं; त्याने वाद बाजूला ठेवून हे काम अंगावर घेतलंय.