निपाणीच्या ताईंना उत्तर : मणक्याचं ऑपरेशन आणि माझ्या लेखात राहून गेलेली गोष्ट

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी परत वाचली. 'कंबरेच्या ऑपरेशनची घाई नको' हा माझा लेख वडिलांनी घरात सगळ्यांना वाचून दाखवला आणि त्याच्याच आधारावर तीन महिने डॉक्टरकडं जायचं टाळलं. आता चालता चालता त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटते, असं तुम्ही लिहिलंय. पुढं लिहिलंय, "तुम्ही डॉक्टर नाही. बेळगावात बसून दोन-तीन ठिकाणी दाखवा म्हणणं सोपं आहे, आमचा एका फेरीला दिवस आणि मजुरी जाते."

आधी चप्पल निसटण्याबद्दल, कारण बाकी सगळं नंतर बोललं तरी चालेल. हे दुखणं नव्हे, ही पायातली ताकद जाणं आहे. पाऊल आणि अंगठा वर उचलायचं काम मुख्यतः एल-फाइव्ह नसेवर, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्याजवळून पायात जाणाऱ्या नसेवर, चालतं. ती दाबून राहिली की पाऊल लोंबायला लागतं आणि चप्पल पायात टिकत नाही. माझ्या लेखात कळ मारत असेल तर सहा आठवडे धीर धरा असं होतं. ताकद कमी होत असेल तर थांबायचं नाही, हे मात्र त्यात कुठंच नव्हतं. ही चूक माझी आहे आणि तिची किंमत तुमच्या घरात मोजली गेली याचं मला फार वाईट वाटतं. रात्रीच लेखात सगळ्यात वर हे घातलं : पायातली ताकद नव्यानं कमी झाली किंवा कमी होत चालली असेल तर लगेच मणक्याच्या डॉक्टरकडं जा. लघवी अडली, लघवी-संडास झालेलं कळेना, किंवा सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर सकाळ व्हायचीही वाट बघू नका. तिथं कण्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांचा सगळा जुडगाच दाबलेला असू शकतो, आणि ऑपरेशन शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत व्हावं असं डॉक्टर धरतात.

बाकीचा लेख मात्र मी मागे घेत नाही. का, ते सांगतो.

आपल्या भागात एमआरआय निघाला की घरात रडारड सुरू होते. 'गादी (दोन मणक्यांमधली मऊ चकती) सरकली', 'गॅप आलाय', 'नस दाबली' हे शब्द कानावर पडले की माणूस निम्मा खचतो. पण २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे फोटो होते. त्यातल्या विशीतल्या माणसांतसुद्धा ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात तर ८४ टक्क्यांच्या. म्हणजे फोटोत दिसतंय तेच दुखतंय असं नसतं. पायात कळ कुठून कुठवर जाते, बधिरपणा कुठं आहे, कुठला स्नायू ढिला पडलाय, हे त्या फोटोशी जुळलं तरच ऑपरेशनला अर्थ आहे.

आणि थांबण्याबद्दल म्हणाल तर तेही मी मनानं लिहिलं नव्हतं. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतली नस दाबून पायात कळ उतरणाऱ्या, २८३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे पायात जबर कळ असलेले हे लोक. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्हीकडं ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. पण ज्यांना पाऊल उचलताच येत नाही अशांना त्या अभ्यासात घेतलेलंच नव्हतं. वडिलांना हे जरूर वाचून दाखवा. तो आधार त्यांच्यासाठी नाहीच.

आता डॉक्टर कसा निवडायचा. मी डॉक्टर नाही हे खरंच आहे. मी जे सांगतो ते दादाबरोबर दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसून शिकलेलं. दादा खानापूर तालुक्यात भात करतो. लावणीच्या चिखलात वाकलेला उठलाच नाही. "शिंक आली तरी पायातनं करंट जायलाय बघ," म्हणायचा. पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडं धरली, दादाला टेबलावर घेतलंसुद्धा नाही, आणि दोन लेव्हलला (मणक्यांच्या दोन जोडांना) स्क्रू टाकायला लागतील, सोमवारी ॲडमिट व्हा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली. दादाला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, हातभर उचलला असेल-नसेल, दादा ओरडला. मग अंगठ्यावर बोट दाबून 'वर ढकला' म्हणाले. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. घोट्याजवळ टाचणी टोचून दोन्ही पायांत सारखं वाटतंय का विचारलं. त्यानंतर फिल्म लावली आणि एकाच गादीवर पेन ठेवून म्हणाले, "त्रास हिचा आहे. ताकद शाबूत आहे, म्हणून थोडं थांबून बघू." आठव्या आठवड्यातही दादा रात्रभर खुर्चीत बसून काढायचा, तेव्हा त्यांनीच ऑपरेशन केलं. एका लेव्हलचं, गादीचा सुटलेला तुकडा काढायचं, स्क्रू नाहीत. आधी स्पष्ट सांगितलं होतं : पायातली कळ जाईल, कंबर थोडी दुखत राहील, काही जणांत तीच गादी पुन्हा सरकते. माझा विश्वास त्या वाक्यावर बसला. काय जाईल आणि काय जाणार नाही, हे सांगणारा डॉक्टर शोधा.

ऑर्थो (हाडांचा) की न्यूरो (मेंदू-नसांचा) सर्जन, याची चिंता करू नका, मणक्याची ऑपरेशनं दोघंही करतात. त्यांच्या कामात मणक्याचं काम किती, हे विचारा. विचारायला लाज वाटू देऊ नका. स्क्रू टाकायचे म्हणाले तर का, नुसती नस मोकळी करून का भागणार नाही, हेही विचारा. मणका खरोखर अस्थिर असेल तर स्क्रूला सबळ कारण असतं, आणि चांगला डॉक्टर ते दाखवून देतो. संमतीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा.

तुमचा दुसरा मुद्दा, मजुरीचा. तो मला मान्य आहे, मी शहरातल्या माणसाच्या सोयीनं लिहिलं होतं. तुम्हाला बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, कोल्हापूर चाळीस. दुसरं मत कोल्हापुरात घेतलं तर घरी परत यायला रात्र होत नाही. नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म आणि सीडी न्या, म्हणजे पुन्हा एमआरआयचा खर्च पडत नाही. बीपीएल कार्ड असेल तर कर्नाटकच्या आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. पण ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, तातडीच्याला लागत नाही. ही चिठ्ठी नसल्यामुळं दारातून परत आलेली माणसं मी बघितली आहेत.

आज संध्याकाळी वडिलांना भिंतीचा आधार देऊन टाचांवर दहा पावलं चालवा, कोणीतरी शेजारी उभं राहा. उजवा चवडा वर राहतो का बघा, आणि पाऊल लोंबायला नेमकी कधी सुरुवात झाली ते त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील, कारण दिवस जितके जास्त तितकी ताकद परत यायला अवघड. लघवीचंही विचारा, ते स्वतःहून सांगायचे नाहीत. उद्या पहिल्या बसनं निघा. काय म्हणाले ते इथंच लिहा, मी बघत राहीन.