२५२० : फॉरवर्डवाल्यांना न सापडलेली गंमत

२५२० या संख्येबद्दलचा मेसेज तुमच्यापर्यंतही पोचला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : १ ते १० या सगळ्यांनी नि:शेष भाग जाईल अशी संख्या असूच शकत नाही, असं वाटत होतं, रामानुजन यांनी ती शोधली आणि जगभरचे गणिती थक्क झाले, तिचं गुपित म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने.

‘अशी संख्या असूच शकत नाही.’ १ ते १० यांचा सरळ गुणाकार करा. ३६,२८,८०० येतात आणि दहाही जणांनी भाग जातो. प्रश्न फक्त सगळ्यांत लहान अशा संख्येचा, म्हणजे शाळेतल्या लसाविचा. ८ घेतला की २ आणि ४ त्यातच आले, ९ मध्ये ३ आला, ५ आणि ७ वेगळे घ्यावे लागतात. ६ आणि १० यांचे अवयव तोवर जमलेलेच असतात. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. हिच्या पाढ्यातल्या ५०४०, ७५६० वगैरे सगळ्याच संख्यांना दहाही जणांनी भाग जातो.

‘जग थक्क झालं.’ ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ (Laws, म्हणजे ‘कायदे’) या ग्रंथात आपल्या कल्पनेतल्या नगरासाठी ५०४० कुटुंबं ठरवली, तेव्हा १ ते १० ने भाग जातो हेही कारण दिलं होतं. ही गोष्ट इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातली.

‘७ × ३० × १२.’ महिना ३१ दिवसांचा धरला तर उत्तर २६०४ येतं आणि ५, ८, ९, १० या कुणानेच भाग जात नाही. शिवाय ३० × १२ म्हणजे वर्षाचे दिवस (तेही ३६०च). त्यांना पुन्हा सातने गुणून मोजलं तरी काय? १४ × १५ × १२ केले तरी २५२०च येतात. त्याला कुठलं पंचांग जोडणार?

राहिले रामानुजन. त्यांचा या संख्येशी संबंध आहे, पण तो लसाविचा नाही. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्यांचा एक मोठा निबंध छापला. विषय होता ‘विक्रमी’ संख्यांचा : आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या. २५२० चे विभाजक ४८. तिच्याखालच्या एकाही संख्येचे चाळीसच्या वर नाहीत. अशा संख्यांचे मूळ अवयव लहानापासून मोठ्याकडे मांडले की घातांक कधी चढत नाहीत (२५२० = २³ × ३² × ५ × ७, म्हणून ३, २, १, १) आणि ४ व ३६ सोडता शेवटचा घातांक १च असतो, हे रामानुजन यांनी सिद्ध केलं. याच कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना बी.ए. दिली. शंभरावर संख्यांची यादीही त्यांनी दिली होती. तिच्यात २,९३,३१,८६,२५,६०० ही एक राहून गेली. हाताने केलेल्या हिशेबात एवढीच चूक, हे मला त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी थक्क करणारं वाटतं.

आणि २५२० ला खरोखर वेगळं पाडणारा गुण मेसेजमध्ये नाहीच. तिच्याहून मोठ्या प्रत्येक विक्रमी संख्येला २५२० ने नि:शेष भाग जातो. आपल्यानंतरच्या सगळ्या विक्रमी संख्यांना असा भाग घालणाऱ्या विक्रमी संख्या सहाच आहेत : १, २, ६, १२, ६० आणि २५२०. सातवी नाही, हे सिद्ध झालेलं आहे.