ज्याचं दुकान, त्याचं निदान

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा दाबायची, इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या आसपास तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. ते आपलं आपण पेटतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन गृहस्थाने 1893 साली याचं पेटंट मिळवलं, तेव्हा त्याने निफाडचा जानेवारी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळाभर पेपरात छापून येतो. 2018 च्या डिसेंबरात तो 2 अंशांखाली गेला होता. गव्हाला थंडी मानवते. द्राक्षांना मानवत नाही, म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जुन्या ट्रकचं काय करावं याबद्दल मात्र कृषी खातं गप्प आहे.

आमचा ट्रक 1998 चा, सहा टायरी, वडिलांनी घेतलेला. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, डॅशबोर्डवर पेटून नेमका आजार सांगणारा दिवाही नाही. त्यामुळे त्याचा बिघाड कोणालाही सांगता येतो, आणि म्हणून तो सगळेच सांगतात. सकाळी सातला व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी लागली पाहिजे, कांद्याच्या गोण्या शिवून तयार, हमाल बिड्या ओढत थांबलेले. आणि इकडे सेल्फ मारला की इंजिन नुसतं गरगरतंय. गरगरतंय खणखणीत, पण घेत नाही. बराच वेळ छळल्यावर घेतं, ते एकदा घेतलं की मग दिवसभर कुरकुर नाही. थेट वाशीच्या मार्केटपर्यंत.

या आवाजाने गल्ली जागी होते आणि मफलर गुंडाळून आमच्या अंगणात जमते. पहिले येतात आमचे चुलते, आप्पा. त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, पण मत पक्कं: "पंप काढा. पंपच गेलाय." समोरचे निवृत्त लाइनमन म्हणतात, अर्थिंग बघा. ड्रायव्हर नामदेव वाद घालत नाही, तो कृती करतो. त्याने डिझेलात चिंधी बुडवून पेटवली आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी धरली. हवा गरम आत गेली तर इंजिन लवकर पेटतं हे शास्त्राला धरूनच आहे. इंजिनाने ज्वाळा आत ओढून घेतली, दाद दिली नाही, आणि नामदेवची उजवी भुवई तेवढी गेली. ती अजून नीट आलेली नाही. लग्नाच्या फोटोला तो डावीकडून उभा राहतो.

मग बाजारातले तज्ज्ञ. बॅटरीवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "शेठ, बॅटऱ्या संपल्या." ट्रकला 24 व्होल्ट लागतात, म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या, आणि दोन्ही एकदम बदलायच्या, नाहीतर जुनी नवीला खाते. सेल्फ मारताना मीटर विसाच्या खाली येत नव्हता, म्हणजे बॅटऱ्या धडधाकट होत्या, हे नामदेवने दाखवूनही पाहिलं. "मीटरला काय कळतं?" असा सवाल आला. बॅटऱ्या बदलल्या.

नामदेवचा नव्या वस्तूवर विश्वास नाही. त्या रात्री त्याने गाडी अंगणात न चढवता मारुतीच्या पाराजवळच्या उतारावर लावली, तोंड खाली करून, चाक अडवायला उटी लावून. म्हणजे सकाळी घेतली नाहीच तर धक्क्यावर तरी. सकाळी चावी फिरवली आणि गाडीने अर्ध्या फेऱ्यात घेतली. दोन-चार दिवस असंच. बॅटरीवाल्याने आमच्याकडून पेढे खाल्ले. विश्वास बसला, तशी गाडी पुन्हा अंगणात आली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा गरगर.

पुढची पाळी सेल्फ-डायनामोवाल्याची. "कार्बन झिजलेत, बुश गेलेत." सेल्फ खोलून भरला. नामदेवने संशयाने गाडी उतारावर लावली, चालू झाली. विश्वासाने अंगणात आणली, बंद. मग नोझलवाला. त्याने सगळे नोझल काढून टेस्टरवर लावले, फवारे मारून दाखवले, प्रेशर सेट केलं. त्याच्याकडचे फवारे बघायला आप्पा मुद्दाम आले होते. परत येताना म्हणाले, "नोझल छान आहेत. पंप काढा." उतार, चालू. अंगण, बंद. आमच्या ट्रकची गंमत अशी झाली की धक्क्याची सोय केली की धक्का लागत नसे. पण नवा माल घातलेला असल्यामुळे प्रत्येक वेळी श्रेय मालाला जाई आणि उताराला कोणी विचारीना.

शेवटी चांदवडच्या बाजूचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांचं दुकान नव्हतं, हाच त्यांचा मोठा गुण. ते बॉनेटकडे गेलेच नाहीत, सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन बसले. "मारा सेल्फ." मारला. "धूर नाही," ते म्हणाले. इतक्या सकाळी इतकी माणसं जमली होती, पण त्या नळकांड्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. पांढरा धूर निघाला तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग थंडी, कॉम्प्रेशन, टायमिंग बघायचं. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड पंप मारला. डिझेलऐवजी फेस आला.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो बॅटरीवाल्याने पगार देऊनही विचारला नसता. "रात्री गाडीचं तोंड कुठं असतं?"

आमचं अंगण चढाचं आहे. गाडी आत घातली की तोंड वर, टाकी खाली. टाकीपासून इंजिनावरच्या फीड पंपापर्यंतच्या, म्हणजे डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. तिथे होजला, म्हणजे रबरी नळीला, बारीक चीर गेली तर बाहेर थेंब पडत नाही, उलट हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परततं आणि पाइपात नुसती हवा उरते. उतारावर टाकीच वर असते, त्यामुळे डिझेल जागच्या जागी राहतं. झालीच तर होज थोडी ओली दिसते, पण एवढ्या थंडीत ट्रकखाली झोपून ते पाहणार कोण?

खात्रीसाठी मिस्त्रींनी वीतभर पारदर्शक नळी मध्ये जोडली. सेल्फ मारला की तिच्यातून बुडबुडे पळत होते. बायकामुलं पाळीपाळीने टॉर्च घेऊन बघून गेली, सोनोग्राफी चालावी तशी. एक हात होज, दोन क्लिपा, बँजोचे, म्हणजे नळीच्या जोडाचे, तांब्याचे वायसर नवे. त्यांनी मागितलेले पैसे जमलेल्यांच्या चहापेक्षा कमी होते, आणि तीच मोठी अडचण झाली. एवढ्याशा पैशात झालेलं काम गावाला पटत नाही.

बॅटरीवाला अजूनही गिऱ्हाइकांना आमच्या ट्रकचा दाखला देतो, माझा नंबरही देतो. परवा विंचूरहून एकाचा फोन आला. त्याची गाडी सकाळी घेत नाही, बॅटऱ्या टाकू का? मी विचारलं, "रात्री गाडीचं तोंड कुठं असतं?"

"भाऊ, मी बॅटरीचं विचारतोय," म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.