शेंगेन व्हिसाच्या ‘सोप्या युक्त्या’: एका फॉरवर्डला उत्तर

उन्हाळी सुट्टीचे बेत सुरू झाले की युरोपच्या व्हिसाविषयीचा एक निरोप व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरू लागतो. त्यातील सल्ला थोडक्यात असा: शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळणारा एकच सामाईक व्हिसा) सगळीकडे चालतो, म्हणून ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याच्याकडे अर्ज करावा आणि विमान तिथे उतरते असे दाखवावे, मुलगा किंवा मुलगी तिकडे राहत असल्यास ते न सांगता पर्यटक म्हणूनच अर्ज भरावा, तिकीट पक्के काढूनच कागद द्यावेत, खात्यात चार-पाच लाख आणून ठेवावेत, एकदा नकार आला की नाद सोडावा, आणि व्हिसावर जी शेवटची तारीख असेल तोवर खुशाल राहावे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, परंतु यातले बरेचसे चुकीचे आहे आणि एक सल्ला तर सरळ खोटे बोलायला सांगणारा आहे.

पहिली युक्ती अपॉइंटमेंटची. शेंगेन क्षेत्रात आज 29 देश आहेत आणि एकाने दिलेला व्हिसा सर्वसाधारणपणे सर्वत्र चालतो, हे खरे. (इंग्लंड आणि आयर्लंड त्यांत नाहीत, ‘युरोप टूर’ या शब्दामुळे ही गफलत नेहमी होते.) मात्र अर्ज कोणाकडे करायचा हे अर्जदाराच्या सोयीवर सोडलेले नाही. युरोपीय संघाच्या 2009 च्या व्हिसा संहितेतील पाचवे कलम सांगते की एकाच देशात जायचे असेल तर त्या देशाकडे, अनेक देशांत जायचे असेल तर मुख्य मुक्कामाच्या देशाकडे, म्हणजे जिथे सर्वाधिक दिवस राहणार किंवा जिथले काम हा प्रवासाचा मुख्य हेतू आहे त्या देशाकडे, आणि असा मुख्य मुक्काम ठरवताच येत नसेल तरच सर्वप्रथम ज्या देशातून क्षेत्रात शिरणार त्याच्याकडे अर्ज करावा. निरोपाने हा शेवटचा पर्याय उचलून पहिल्या जागी बसवला आहे. समजा, पॅरिसला उतरून तिथे चार रात्री, मग स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नला तीन आणि पुढे इटलीत व्हेनिस, फ्लॉरेन्स व रोम मिळून पाच रात्री राहायचे आहे. विमान फ्रान्समध्ये उतरत असले तरी हा अर्ज इटलीचा. तो फ्रान्सकडे दिला तर नियमानुसार वकिलातीने कागद व शुल्क परत करून योग्य वकिलात कोणती ते सांगायचे असते. शुल्क परत मिळाले तरी हातचे दिवस जातात. इटलीतल्या पाच रात्री लपवून खोटा कार्यक्रम दाखवला तर गोष्ट आणखी बिघडते, कारण फसवून मिळवलेला व्हिसा रद्द करण्याची तरतूद त्याच संहितेत आहे. व्हिसा मिळाल्यानंतर प्रामाणिकपणे बेत बदलणे ही वेगळी गोष्ट.

मुले तिकडे असल्याचे लपवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो बहुधा निवृत्त आईवडिलांना दिला जातो आणि तो देणारा काळजीपोटी देतो. ‘मुलगा तिकडे आहे म्हटले की हे परत येणार नाहीत असे समजतात,’ हा त्यामागचा तर्क. आता प्रत्यक्ष अर्ज पाहावा. प्रवासाच्या हेतूखाली ‘पर्यटन’ आणि ‘कुटुंबीय किंवा मित्रांची भेट’ अशा दोन वेगळ्या चौकटी असतात आणि पुढे निमंत्रण देणाऱ्याचे नाव-पत्ता किंवा हॉटेलचा तपशील विचारलेला असतो. सत्तर दिवस राहायला निघालेल्या जोडप्याने पर्यटनावर खूण करून पाच रात्रींचे हॉटेल दाखवले, तर उरलेल्या पासष्ट रात्रींचे काय, हा प्रश्न कोणत्याही अधिकाऱ्याला पडेल. कागदोपत्री तो निभावला तरी विमानतळावरचा अधिकारी ‘कुठे उतरणार?’ असे विचारतो तेव्हा आजी निरागसपणे नातवाचे नाव घेतात. भेटीचा खरा मार्ग खुला आहे: जर्मनीत राहणारा मुलगा तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाची जबाबदारी घेणारे औपचारिक हमीपत्र काढू शकतो, तर फ्रान्समध्ये घरी उतरवून घेणाऱ्याने नगरपालिकेकडून निवासाचा दाखला मिळवायचा असतो. परत येण्याविषयीची शंका लपवाछपवीने दूर होत नाही; पेन्शनच्या नोंदी, घरपट्टीची पावती, सातबारा, इथे असलेली दुसरी मुले यांनी ती कमी होते.

तिकिटाबाबत निरोप उगाच खर्चात पाडतो. संहितेच्या परिशिष्टात परतीच्या तिकिटाचे आरक्षणही पुरावा म्हणून दिलेले आहे, म्हणजे पूर्ण पैसे भरण्याची सक्ती नाही. तथापि आरक्षण खरे हवे. नुसते छापून दिलेले बनावट तिकीट हा कागद नव्हे, धोका आहे.

खात्यातल्या रकमेचा सरसकट आकडा कुठेच नाही, कारण प्रत्येक देश आपला दैनिक निकष स्वतः ठरवतो. शिवाय विवरणपत्र वाचणारा शेवटची शिल्लक तेवढी बघून पान उलटत नाही. दरमहा अडतीस हजार पेन्शन जमा होते, दहा तारखेपर्यंत निम्मी खर्च होते, आणि अर्जाच्या चार दिवस आधी अचानक चार लाख येतात: ही एक ओळच सगळी कथा सांगून जाते. मेहुण्याकडून उसने आणलेले पैसे ओळखायला मराठी यावे लागत नाही. त्यापेक्षा प्रवास आपल्या उत्पन्नाला साजेसा आखावा, किंवा खर्च करणाऱ्या मुलाची हमी उघडपणे जोडावी.

नकाराविषयी संहितेचे शब्द स्पष्ट आहेत: आधीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप नाकारला जाऊ नये. नकारासोबत कारणांचा ठरावीक नमुना मिळतो आणि अपिलाचा हक्कही असतो. ते कारण न वाचता तेच कागद पुन्हा देणे मात्र व्यर्थ.

आता शेवटच्या तारखेची गोष्ट. व्हिसाच्या स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि त्यांच्याजवळच मुक्कामाच्या दिवसांचा वेगळा आकडा असतो. बारा दिवसांच्या सहलीसाठी एकदाच प्रवेशाचा व्हिसा देताना सहसा पंधरा दिवसांची सवलत मिळवून सत्तावीस दिवसांची वैधता देतात, म्हणजे विमान दोन-चार दिवस मागेपुढे झाले तरी चालते. राहता येते ते बाराच दिवस, आणि त्यांत येण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. अनेक वर्षांच्या व्हिसावरही कोणत्याही 180 दिवसांत 90 हीच मर्यादा असते. पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरचे शिक्के चाळून करावा लागे, त्यामुळे एखादा दिवस नजरेतून सुटतही असेल. 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या, प्रवाशांच्या येण्या-जाण्याच्या नव्या नोंदणी व्यवस्थेत ही मोजणी संगणक करतो.