अडीच सुती नट

झोपाळ्याच्या कडीचा नट पडून हरवला, म्हणून नमुन्याला बोल्ट घेऊन गणपती पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. "नट पाहिजे," म्हणालो. मोबाईलमधून मान वर न काढता मालक म्हणाला, "नट? भावे नाट्यमंदिरात बगा की."

दुकानातली पोरं हसली. सांगलीत हा विनोद बहुधा मराठी नाटकाच्या मुहूर्तावरच सुरू झाला असावा. 1841 साली व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांना शिस्त लावली आणि दोनच वर्षांनी, 1843 साली, विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून इथल्या नटांना. त्यातले दुसरे नट अजून वेळेवर येत नाहीत, ते जाऊ द्या.

"चाकी हो, चाकी," मी म्हणालो. पोरगा सायकलीच्या चाकांकडे वळला.

इतक्यात स्टुलावर बसलेले एक आजोबा सरसावले. त्यांनी काहीच विकत घेतलं नव्हतं, बहुधा कधीच घेत नसावेत.

"पाव्हणं, जर्मनीत नटाला काय म्हनत्यात, ठावं हाय का?"

"आजोबा, मला फक्त अडीच सुती..."

"मुटर! मंजी आई. जावाय हाय की आमचा तिकडं. बोल्टाला पोटात घेती, म्हनून आई."

मी मान डोलावली. सांगलीत म्हाताऱ्या माणसापुढे मान डोलावणं म्हणजे चहा मागवण्यासारखं आहे, लगेच उठता येत नाही.

"आन् पोर्तुगालात? पोर्का! मंजी डुकरीन!"

हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की समोरच्या किराणा दुकानातली एक बाई वळून माझ्याकडेच बघायला लागली. खोटं असेल म्हणून मी फोनवर शोधलं. खरं निघालं. वर आणखी घोळ: इंग्रजांचा 'स्क्रू' हा शब्दच जुन्या फ्रेंचमधल्या नटाच्या नावावरून आलाय, आणि त्या नावाचं मूळ बहुतेक लॅटिनमधल्या डुकरिणीतच. म्हणजे नटाचं नाव उचलून स्क्रूला लावलं, नट उघडा पडला, तेव्हा त्याला अक्रोड-बदामाच्या जातीचं नाव देऊन टाकलं. बोल्ट तर मूळचा धनुष्याचा बाण. आणि आपल्या प्लंबरने नर-मादी म्हटलं की आपण तोंडाला रुमाल लावतो!

एव्हाना मालकाने, बोल्टकडे न बघता, पुढ्यात एक पाकीट टाकलं. "सुट्टा मिळत न्हाई. आठ एमएम."

"अहो, बोल्ट जुना आहे, इंची."

"सेमच असतंय. अडीच सूत मंजे आठ."

सेम नसतंय! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर, आणि आटे इंचाला 18. आठ एमएमच्या नटाला इंचाला 20 च्या वर. हे मी सांगेपर्यंत पोराने माझ्या हातातला बोल्ट घेऊन नट फिरवलासुद्धा. दोन फेऱ्या सुखाने झाल्या, तिसरीला अडकला. "त्याल सोडा, जातंय," म्हणत त्याने पाना लावला आणि अंगातला सगळा जोर. आता पुढेही जाईना, मागेही येईना.

आजोबांनी वाकून बघितलं. "मंग ही आई न्हवं," ते म्हणाले, "सासू हाय."

सगळं दुकान हसलं. मलाही हसू आलं, त्याचाच जास्त राग आला.

"फोडलेलं पाकीट परत घेत न्हाई," मालक म्हणाला. "अडकल्याला नट काडून पायजे आसंल तर वीस रुपये येगळे."